लाईट गेल्यावरचं सोंग

दादा, आज तुझी गिरणी सुरू झाली.

तेरावा होईपर्यंत ती बंद होती. गावातल्या बायका पलीकडच्या आळीतल्या गिरणीवर जात होत्या, तेही वाट वाकडी करून, आपल्या दारावरून जावं लागू नये म्हणून. "कवा चालू व्हणार" असं एकीनेही येऊन विचारलं नाही. राणीसावरगावात एवढी समंजस माणसं राहतात असं मी म्हणाले असते, तर तू लगेच म्हणाला असतास, "समंजस कशाची उषे, लाजायलेत समद्या." आणि ते खरंच होतं. त्या लाजत होत्या. वहिनी तर त्यांच्याहून जास्त. कशाला, ते तुला कळलं होतं की नाही हे मला माहीत नाही, म्हणून आज सगळं तुलाच सांगायला बसले आहे.

उद्या मला हैदराबादला परतायचं आहे. प्रयोगशाळेत उंदीर वाट बघतायत. तू इथे असतास तर मध्येच बोलला असतास: "बगायलेत तर! कवा ही बाई येती आन् आमाला लकवा देती." तुझं माझं सगळ्यात जुनं भांडण तेच होतं, आणि ते तू अर्ध्यावर टाकून गेलास.

मी मेंदूवर काम करते एवढंच गावाला माहीत आहे. तेराव्याला एक चुलते सगळ्यांसमोर म्हणाले, "बहीण मेंदूची डॉक्टर, आन् भाऊ मेंदूनंच गेला." मी डॉक्टर नाही, हे त्यांना मी आजवर दहादा सांगितलंय. त्या दिवशी पुन्हा सांगायची ताकद नव्हती. मी पंक्तीत वाढत होते, तशीच पुढे सरकले. पण ते वाक्य ताटातल्या खड्यासारखं दाताखाली येतंय अजून.

तुला मात्र माझं काम नीट कळलं होतं. आईबाबांना ते मला कधी समजावता आलं नाही, तुला समजावलं ते गिरणीत बसून, लाईट गेलेली असताना. मी म्हणाले होते, मेंदूच्या एखाद्या नळीत रक्ताची गुठळी अडकते आणि तेवढ्या भागाची लाईट जाते. बाकी अंग धडधाकट असतं, पण तो भाग अंधारात. जास्त वेळ गेला की तिथल्या पेशी मरायला लागतात, आणि एकदा मेल्या की मग लाईट आली तरी उपयोग नाही. आम्ही काय करतो, तर एक विषाणू घेतो, त्याच्यातलं विष काढून टाकतो, नुसतं टरफल ठेवतो. त्या टरफलात एक जनुक भरतो आणि ते उंदराच्या मेंदूत सोडतो. पेशी ते जनुक वाचतात आणि स्वतःच एक रसायन बनवायला लागतात, अंधारात तग धरायला लावणारं. पुढे कधी लाईट गेली, तर त्या पेशी लवकर मरत नाहीत.

तू डोक्यावरची टोपी काढून तिच्यावरचं पीठ झटकलंस आणि म्हणालास, "म्हंजे इन्व्हर्टर."

"व्हय. पण लाईट जायच्या आधी बसवायचा. पेशीला ते वाचायला, बनवायला दिवस लागतात. गेल्यावर बसवून काय उपयोग न्हाई. आमच्या उंदरात तरी न्हाई."

"आन् कोणाला बसवायचा आधी? कोणाची लाईट जाणार हे तुला कोण सांगणार?"

तिथेच तर आमचं सगळं अडलंय, असं मी म्हणाले. तू हसलास. तेव्हा तुला काहीही झालेलं नव्हतं. आपण एका मोटारीबद्दल बोलावं तसं बोलत होतो.

मग मागच्या उन्हाळ्यात तुला तो छोटा झटका आला. डावा हात लोंबला, जीभ जड झाली, चहा तोंडातून ओघळला आणि थोड्या वेळात सगळं जिथल्या तिथे. तू ते मला फोनवर विनोद म्हणून सांगितलंस. "उषे, आमची बी लाईट गेली व्हती, पण आली बग लगेच." मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून तुझ्यावर इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरचा रखवालदार वर आला. छोटा झटका म्हणजे मोठ्याची वर्दी असते हे मला पाठ आहे. तुला बळेच परभणीला नेऊन तपासण्या करवल्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या सुरू केल्या. महिनाभराने वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "घेतेत. आठवण आली की."

त्यानंतरची ती भाऊबीज. दादा, ती मला विसरता येत नाही. मी तुला ओवाळलं आणि तू ताटात काही टाकायच्या ऐवजी माझ्यापुढे हात पसरलास.

"यंदा ओवाळणी तू दे. ती सुई."

वहिनी हसली. मला हसू आलं नाही, कारण तुझा चेहरा मी ओळखते. तू थट्टा करत नव्हतास.

"दादा, ते अजून माणसांत आलं न्हाई."

"मी तरी कुठं माणसांत हाय? इचार गावात."

"उंदरात सुदिक दर वेळी जमत न्हाई. माणसाला दिलं तर काय व्हईल कोणालाच माहीत न्हाई. असं घरी आणून टोचता येत न्हाई, दादा. तुरुंगात जाईन मी."

"तूच म्हणली व्हतीस, आधी कोणाला द्यायचं हे कळत न्हाई. मी सांगायलो की. मला येणार हाय. मला दे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या सगळ्या बैठकांत, सगळ्या चर्चांत आम्ही जो माणूस शोधतो तो तू होतास. ज्याला येणार हे आधीच कळलंय असा. तो माणूस माझ्यासमोर पाटावर बसला होता, कपाळावर मी लावलेला कुंकवाचा टिळा होता, आणि माझ्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं. मग मला राग आला. हतबल झाले की मला रागच येतो, तुला माहीतच आहे. मी म्हणाले, "जे आहे ते घेत न्हाईस, आन् जे न्हाई ते मागायलास. आधी गोळी तरी खा टायमावर."

तू ताटाकडे बघत म्हणालास, "गोळी काय, गंगाखेडच्या दुकानात बी भेटती. समद्यांना भेटती. मला तुझ्या हातचं पायजे व्हतं."

मग आपण दोघं त्या दिवशी एकमेकांशी बोललो नाही. मी नाही म्हणाले ते बरोबरच होतं. आज पुन्हा हात पसरलास तरी मी नाहीच म्हणेन. पण बरोबर असण्याने जिवाला काही आराम पडत नाही, दादा. अकरावीला मला परभणीला ठेवायचं नाही म्हणून बाबा अडून बसले होते, तेव्हा त्यांच्याशी भांडून तू माझी पेटी स्वतः गाडीवर टाकलीस. तुझ्यामुळे मी शिकले. माझ्या शिक्षणातून तुझ्यासाठी एवढी एक गोष्ट निघायला हवी होती आणि ती वेळेत निघाली नाही. तुझ्याशी मला हेच बोलायचं होतं. सरळ शब्दांत कधी बोलले नाही.

आणि ते उंदरांचं जुनं भांडण. मी तुला एकदा मोबाईलवर मेंदूच्या चकत्यांचा फोटो दाखवला. एका रंगात त्या बुडवल्या की जिवंत भाग लाल होतो आणि मेलेला पांढरा राहतो. जनुक न दिलेल्या उंदराची चकती अर्धी पांढरी होती. जनुक दिलेल्याची बरीचशी लाल. मी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं घासतेय ते हे, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तू बघत राहिलास. मग म्हणालास, "कच्च्या टरबुजाच्या फोडी वाटायल्यात. उंदीर कुठाय?"

"उंदीर मेला, दादा. त्याशिवाय चकत्या कशा करणार?"

"म्हंजे जनुक दिलं, लकवा दिला, त्यातून जगला, आन् मग तुमी मारला."

"भूल देऊन."

"लकवा देताना?"

"तेव्हा पण भूल. मानेतल्या नळीतून बारीक धागा वर सारतो, रक्त अडतं. मग काढतो धागा."

"आन् भुलीतून उठल्यावर?"

उठल्यावर तो एका बाजूला गोल गोल फिरतो, असं मी सांगितलं. एक पुढचा पाय छातीशी दुमडून घेतो. तुला ते पटत नव्हतं, म्हणून व्हिडिओ दाखवला. तू तो पुन्हा पुन्हा बघितलास. "त्याला कळत असंल का, काय झालंय ते?" असं विचारलंस. मी म्हणाले, काहीतरी गेलंय हे कळत असावं, काय गेलंय ते कळत नसावं. तू मोबाईल माझ्या हातात परत दिलास आणि एवढंच म्हणालास, "गणपतीच्या वाहनाला असं करायलाव तुमी." मी चिडले. लाखो माणसांसाठी करतो म्हणाले. तू वाद घातला नाहीस, आणि पटलंही नाही. तुझं हे असंच. वाद घालायचा नाही आणि हरायचंही नाही.

पण त्या उंदरातूनच तू सोंग काढलंस.

तुझी सोंगं गावाला नवी नव्हती. पंचमीला नाही तर गावजत्रेला तू काय काय व्हायचास ते आम्ही लहानपणापासून बघत आलो. पण गिरणीतलं सोंग वेगळं. लाईट गेली की गिरणी बंद, दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन ताटकळत बसायच्या, आणि दोन-चार जणी उठून पलीकडच्या गिरणीकडे निघायच्या. त्यांना बसवून ठेवायला तू सोंग करायचास. आधी काहीबाही करायचास, पुढाऱ्याचं, रडक्या जावयाचं. तुझ्या झटक्यानंतर मी तुला बजावलं होतं: तोंड वाकडं झालं, हात लोंबला, बोलणं अडखळलं, या तिन्हींतलं एक जरी दिसलं तरी दवाखाना, दुसरं काही नाही. तू ते ऐकलंस आणि लाईट जायची वाट बघितलीस.

तोंडाला पिठाचा हात फिरवायचा. पोत्यावर बसायचं. मग डावा हात हळूहळू खाली. तोंड वाकडं. "आ... आ..." करत उठायचं आणि उंदरासारखं एका बाजूला गोल फिरायचं. मग तूच बायको व्हायचास, छाती बडवायचास. मग तूच तो रक्त चोळणारा बाबा, कबुतर घेऊन आलेला. आपल्याकडे अंगावरून वारं गेलं, लकवा झाला की कबुतराचं रक्त चोळायला अजून नेतात, त्यात मोलाचे तास जातात, हे मी तुला सांगितलं होतं. पण तू बाबा झालास तसं कबुतरही झालास. बाबाच्या काखेतून मान बाहेर काढून कबुतर विचारायचं, "वारं ह्याला गेलंय, मला का मारायलाव?" बायका पोट धरून हसायच्या. शेवटी वीज यायची. वरचा बल्ब लागला रे लागला की तू ताडकन उभा. "आला करंट, उठला पेशंट!" असं ओरडत जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचास. गिरणी घरघरायची आणि सोंग संपायचं.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. वहिनीने त्या सोंगाचा व्हिडिओ पाठवला होता, तो मी आमच्या बैठकीत लावला. मराठी कळणारे दोघेच होते, बाकी सगळे तेलुगू, तमिळ, बंगाली. सगळे हसले. आमच्या साहेबांनी तो परत लावायला सांगितला आणि म्हणाले, हा माणूस उंदराची चाल किती नेमकी करतो. मी त्यांना सांगितलं, माझा भाऊ आहे. त्या दिवशी मला इतका अभिमान वाटला होता की रात्री फोन करीन असं ठरवलं, आणि मग कशात तरी अडकले. दुसऱ्या दिवशी विसरले. आता सांगतेय.

आणि मग तो दिवस. मी तिथे नव्हते. मला ते वहिनीने सांगितलं, तुकड्या तुकड्यांनी, दर वेळी एकाच जागी येऊन थांबत.

सकाळची वेळ. सात-आठ बायका दळणाला. वहिनी तुझा चहा घेऊन आलेली. लाईट गेली. गिरणीची घरघर बसत गेली आणि थांबली. तू पोत्यावर बसलास. बायका सरसावून बसल्या, आळीतल्या म्हाताऱ्या कोंडाबाईनं डब्यावर हनुवटी टेकली, आता सुरू होणार म्हणून. तुझा हात खाली गेला. तोंड वाकडं झालं. पीठ तर तोंडावर कायमच असायचं. तू काहीतरी बोललास, शब्द नव्हते, नुसता आवाज. कोंडाबाई म्हणाली, "आज लय भारी करायलेत." सगळ्या हसल्या. तू पोत्यावरून घसरत खाली आलास, भिंतीला टेकलास, आणि वहिनी सगळ्यात जास्त हसली. तिच्या हातातला चहा सांडला, इतकी हसली.

"सोंगात डावा हात असायचा, वन्सं," वहिनीनं मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. "त्या दिवशी उजवा व्हता. मला दिसलं व्हतं. मला वाटलं, आज काय तरी नवं काढलंय ह्यांनी."

किती वेळ ते कुणालाच ठाऊक नाही. मग बल्ब लागला. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं, तू ताडकन उठणार म्हणून. तू बल्बकडे बघत होतास. उठला नाहीस. गिरणी बंदच होती, कारण हिरवं बटण दाबायला कुणी नव्हतं. एकीचं हसू थांबलं, मग दुसरीचं. कोंडाबाई म्हणे शेवटपर्यंत हसत होती, तिला दिसतं कमी.

पण दादा, हे पण ऐक. त्यानंतर एका बाईनेही कबुतराचं नाव काढलं नाही. कुणी अंगारा आणला नाही, कांदा नाकाला लावला नाही. त्या बायकांनीच तुला उचललं, रस्त्यात आडव्या होऊन टेम्पो थांबवला, आणि थेट गंगाखेड. तिथून परभणी. तू शिकवलेलं त्या सगळं बरोबर करत होत्या. फक्त सुरुवात उशिरा झाली.

मी पोचले तेव्हा तू जागा होतास. उजवं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं. गुठळी मोठ्या नळीत होती, मेंदूला सूज चढत होती. मला सगळे आकडे कळत होते, सगळे फोटो वाचता येत होते. त्या काळ्या-करड्या फोटोत मला पांढरा भाग दिसत होता आणि लाल कुठे कुठे उरला असेल हे मी शोधत होते. तू माझ्याकडे बघितलंस. डावा हात उचललास आणि नाकाजवळ नेऊन दोन बोटं हलवलीस. उंदराच्या मिशा केल्यास, की नाकातली नळी काढून टाकायची होती? मला कळलं नाही. मी हसले, उगाच, मिशाच समजून. तू डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवसापासून उघडले नाहीस. त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत.

तुझ्या सदऱ्याच्या खिशात गोळ्यांचं पाकीट निघालं. त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या गोळ्या घेतलेल्या होत्या. भाऊबीजेपासून एक चुकवली नाही, वहिनी म्हणाली, चहाच्या आधी मागून घ्यायचे. म्हणजे मला न सांगता तू माझं ऐकलंस. भांडायला तेवढंही कारण ठेवलं नाहीस.

आता वहिनी. खरं तर तुला तिच्यासाठीच हाक मारली.

तू गेल्यापासून ती हसली नाही हे कुणीही म्हणेल, त्यात काय. पण तिने दुसऱ्या कुणालाही हसू दिलं नाही. दहाव्याला गंगाखेडच्या घाटावर तुझा मित्र तुझीच एक गंमत सांगायला लागला, लोकांच्या तोंडावर जरा हसू आलं, तर ती उठून पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मला रोज एकच विचारायची. भाकरी थापताना, अंगण झाडताना, मध्येच थांबून.

"वन्सं, म्या हसले नसते तर?"

मी म्हणायचे, वहिनी, गंगाखेडला जास्त वेळ गेला. तिथून परभणीला पाठवण्यात जास्त गेला. गुठळीच मोठी होती. हसण्यात थोडाच गेला.

"थोडा म्हंजे किती?"

दादा, मी मोजमापावर पोट भरणारी बाई. धागा किती वेळ आत ठेवला की पांढरं किती पसरतं हे मी झोपेत सांगीन. एकदा वहिनी म्हणाली, सबस्टेशनवर जाऊन इचारते, लाईट कवा गेली, कवा आली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. उंदराचं उत्तर माणसाला लागू करू नये, हे मी तुला भाऊबीजेला सांगितलं होतं. तेच तिला सांगितलं. ते तिला पटलं नाही. तुम्ही दोघं नवराबायको शोभता.

मला तिला खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं मला माहीत नव्हतं. तू असतास तर एका वाक्यात तिला सोडवलं असतंस. मी रोज मनात म्हणायचे, दादा, हिला काहीतरी सांग. हिच्या हसण्यासाठी तर तू ते सोंग करायचास. बाकीच्या बायका गिऱ्हाईक होत्या. तुझा डोळा कायम हिच्याकडे असायचा, मी बघितलंय.

आज सकाळी ती आपणच उठली, किल्ली घेतली आणि गिरणी उघडली. जळमटं झाडली. गिरणीच्या दगडाला हात लावून बघितला. हिरवं बटण दाबताना तिने क्षणभर डोळे मिटले. गिरणीचा आवाज ऐकून आळीतून एकेक बाई येऊन दारात उभी राहायला लागली. कोंडाबाई आली, डबा ठेवला आणि खालीच बसली, वहिनीकडे न बघता. मी वजनकाट्यापाशी उभी होते.

आणि लाईट गेली. जाणारच होती, आपल्याकडे कधी चुकवते ती? पण आज गिरणी गप्प झाली तशी सगळ्यांनी डबे जवळ ओढले. बायका जमिनीकडे बघत होत्या. तुझ्या पोत्याकडे बघायची कुणाची छाती होईना. एक जण डबा उचलून हळूच निघाली.

वहिनी म्हणाली, "बस खाली."

तिने पिठात हात घातला आणि तोंडावरून फिरवला. तुझ्या पोत्यावर जाऊन बसली. उजवा हात हळूहळू खाली सोडला. तोंड एका बाजूला ओढलं. आणि तसंच राहिली.

दादा, ते बघवत नव्हतं. कुणीतरी हुंदका दिला. मी "वहिनी, नको" म्हणाले असेन. पिठावरून तिचे डोळे वाहत होते, गालावर दोन ओल्या रेघा पडल्या होत्या, आणि ती वाकड्या तोंडाने आमच्याकडे बघत होती.

मग तोंड सरळ करून म्हणाली, "हसा की. ते करायचे तवा हसत व्हताव. म्या बी हसले. त्यांनी हसायसाठीच केलं व्हतं. हसा."

कोंडाबाई हसली. रडत होती का हसत होती ते कळत नव्हतं, पण आवाज हसण्याचा होता. मग आणखी एक. मग वहिनीच्या तोंडातून तो आवाज निघाला, तुझा आवडता, चहा सांडणारा. मी तो तेरा दिवसांत पहिल्यांदा ऐकला. दादा, तेव्हा माझ्या लक्षात आलं, तू शुद्धीत असताना गिरणीत ऐकलेला शेवटचा आवाज हाच होता. मी तिला हे सांगणार आहे. पटलं नाही तरी सांगणार आहे.

"हसलाव ना?" वहिनी डोळे पुसत म्हणाली. हात अजून लोंबतच होता. "आता उठा. ह्यांच्या सोंगात त्येवढंच चुकलं व्हतं. लाईट यायची वाट बगायची न्हाई. हसत हसत उठायचं आन् उचलायचं. उठा म्हनते ना!"

मग कोंडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, चाचपडत पुढे गेली आणि वहिनीचा तो उजवा हात आपल्या खांद्यावर घेतला. मग सगळ्या उठल्या. मीही पुढे झाले. कुणी पाय धरले, कुणी कंबर, आणि आम्ही वहिनीला उचलून दारापर्यंत नेलं, पार रस्त्याच्या कडेला. वहिनी जड आहे, तुला माहीतच आहे. सगळ्यांना धाप लागली होती आणि सगळ्यांचे हात पिठाने पांढरे झाले होते.

मागे बल्ब कधीचा लागला होता. कुणी वळून बघितलं नव्हतं.

"ठिवा आता खाली," वहिनी म्हणाली. "दळण पडलंय."